मंडळाला रुग्णवाहिका घ्यायचीय, पण रस्ता देवळापर्यंतच आहे. दुचाकी चालेल का?

सड्यावरचा

मंडळी, सल्ला हवाय. गाव राजापूर तालुक्यात, खाडीच्या अंगाला. मुंबईच्या मंडळाने यंदा रुग्णवाहिकेसाठी वर्गणी काढायचं ठरवलंय. बैठकीत सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे: पांढरी व्हॅन, टपावर निळा दिवा, दारावर मंडळाचं नाव. मला ते पटत नाही. गणपतीत गावी भांडण्याआधी इथे विचारून घेतो.

डांबरी देवळापर्यंत येते. पुढे खालच्या वाड्यांना जांभ्याच्या पायऱ्यांची पाखाडी, मध्ये साकव (ओढ्यावरचा लहान पूल) आणि त्यापलीकडे बागांमधून पायवाट. १०८ ला फोन केला तर गाडी येते, नाही असं नाही. पण येऊन देवळापाशी उभी राहते. मंडळाची व्हॅनही तिथेच उभी राहणार. म्हणजे जिथे गाडी आधीच येते तिथे आणखी एक गाडी आणायला आपण वर्गणी काढतोय!

माझ्या डोक्यात मोटरसायकल आहे. मुंबईत १०८ सेवेने ऑगस्ट २०१७ मध्ये दहा मोटरसायकली रस्त्यावर आणल्या. कर्नाटकाने त्याच्या दोन वर्षं आधी, २०१५ ला, तीस आणल्या होत्या, त्यातल्या बऱ्याच बंगळुरात. शहरात अडचण ट्रॅफिकची, आमच्याकडे रस्ताच नसण्याची, पण अरुंद जागेतून जायचं हे दोन्हीकडे सारखंच. बंगालात जलपाईगुडीकडचे करीमुल हक तर चहामळ्यातले कामगार. आईला वेळेत दवाखान्यात नेता आलं नाही, म्हणून पुढे स्वतःच्या मोटरसायकलवर गावातले पेशंट न्यायला लागले. २०१७ ला पद्मश्री मिळाली त्यांना.

कोणाच्या गावात असं काही झालंय का? काय घ्यावं, काय घेऊ नये?

दादरचा चाकरमानी

धागा चांगला आहे, पण एक व्यवहाराचं सांगतो. व्हॅनला वर्गणी जमते, मोटरसायकलला जमणार नाही. "अमुक यांच्या स्मरणार्थ" एवढी अक्षरं पेट्रोलच्या टाकीवर मावत नाहीत. :)

सड्यावरचा

@चाकरमानी, हसलो, पण बैठकीत खरंच हाच मुद्दा निघणार आहे.

गोळ्याइंजेक्शन

मी रत्नागिरी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात होतो, आता दुसरीकडे आहे. लांब लिहितोय, सांभाळून घ्या.

"बाइक ॲम्ब्युलन्स" म्हणताना लोक दोन अगदी वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. एकीत मोटरसायकल पेशंटला घेऊन येते. दुसरीत ती पेशंटकडे जाते: उपचार करणारा माणूस आणि त्याची पिशवी घेऊन. पेशंटला न्यायला मागून मोठी गाडी येते. मुंबईची सेवा ही दुसऱ्या जातीची. तिथे मोटरसायकल चालवणारा स्वतः डॉक्टर असतो. आपल्या देशात रुग्णवाहिकांसाठी एआयएस-१२५ नावाचं मानक आहे. त्यात ए, बी, सी, डी असे चार प्रकार केलेत आणि ए प्रकार नेमका हाच, म्हणजे प्रथमोपचार पोचवणारा, पेशंट न वाहणारा. करीमुल हक करतात ते पहिल्या जातीचं काम. दोन्हींना आपापली जागा आहे, पण मंडळाने कशासाठी पैसे काढायचे ते आधी ठरवा.

पेशंटकडे जाणाऱ्या मोटरसायकलचा उपयोग कुठे? हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबायला किंवा शॉक द्यायला उशीर झाला, तर मिनिटाला सात ते दहा टक्क्यांनी वाचण्याची शक्यता कमी होत जाते. म्हणजे दहा मिनिटांत खेळ आटोपतो. वाडीतल्याच कोणाला छाती दाबता येत असेल तर गाडीला काही अर्थ आहे. नसेल तर मोटरसायकल काय आणि विमान काय. साखर उतरलेला मधुमेही, दम्याचा पेशंट, कोयत्याने कापून रक्त थांबत नाही असा गडी: यांच्यासाठी मात्र पिशवी घेऊन पोचलेला शहाणा माणूस खरंच फरक पाडतो.

पेशंट वाहून नेण्याबद्दल: माडावरून पडलेला माणूस कधीही मोटरसायकलवर घालू नका. पाठीचा मणका असतो त्यात. पावसात शेवाळलेल्या पाखाडीवर घसरलेली आजीबाई, तिचं खुब्याचं हाड गेलेलं असतं, तिलाही नाही. बेशुद्ध, सतत उलट्या होणारा, अर्धं अंग लुळं पडलेला, यांनाही नाही. राहिले कोण? शुद्धीत असलेला, बसू शकणारा. त्यात कोकणातला सगळ्यात महत्त्वाचा पेशंट येतो, साप चावलेला.

याचा नेपाळमध्ये अभ्यास झालेला आहे. दक्षिण-पूर्व नेपाळात दमक भागातल्या चार गावांत मोटरसायकलवाले स्वयंसेवक ठरवले. साप चावला की चालक पुढे, पेशंट मध्ये आणि मागे धरून बसणारा तिसरा, असे थेट सर्पदंश केंद्रात. सोबत गावोगाव माहितीही दिली. २०१३ ला प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार दंश झालेल्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यांवर आलं. गाडी कोणतीही खास नव्हती, लोकांच्या घरच्याच मोटरसायकली.

खाडीपल्याड

दाभोळकडचा. आमच्याकडे खाडी आडवी आहे. फेरीबोट असते तेव्हा धोपाव्याला पोचायला काही मिनिटं, नसते तेव्हा चिपळूणला वळसा. रात्री फेरी बंद. लहान खाड्यांत अजून होडीत फळी टाकून मोटरसायकल चढवतात, तांडेल ओळखीचा असला तर अपरात्रीही येतो. व्हॅन होडीत चढत नाही, एवढंच नोंदवतो.

सिस्टरबाई

उपकेंद्रात नर्स म्हणून नोकरी केली, निवृत्त झाले. गोळ्याइंजेक्शन यांनी चांगलं लिहिलंय, पण बाळंतिणीचा विषय राहिला. कोकणात अडलेल्या बाईला डोलीतून आणायचे, आता खुर्चीतून आणतात. फरक इतकाच.

कळा सुरू झालेल्या बाईला मोटरसायकलवर बसवू नये, असं मी आशाताईंना कायम सांगत आले. आफ्रिकेत मलावी देशात मोटरसायकलला बाजूला खाट जोडून बाळंतिणींना नेतात आणि त्याचा फायदा दिसलाय, हे प्रशिक्षणात ऐकलं होतं. पण त्या खाटेला रुंदी लागते. आमची पाखाडी दोन माणसं शेजारून गेली तर खांदे घासतात अशी. आमच्याकडे उपाय गाडीचा नव्हे, तारखेचा. नववा लागला की बाईला रस्त्यालगतच्या नातेवाईकाकडे आणून ठेवायचं. मामा असतोच कुठेतरी.

आणि वेळ नेमका कुठे जातो ते बघा. आरोग्याच्या अभ्यासात तीन विलंब सांगतात: न्यायचं ठरवायला लागलेला, पोचायला लागलेला आणि पोचल्यावर उपचार सुरू व्हायला लागलेला. तुम्ही सगळे मधल्यावर बोलताय. साप चावल्यावर आधी देवाला गाऱ्हाणं, मग विष उतरवणारा, मग "बघूया सकाळपर्यंत", ह्यात जी रात्र जाते ती कुठली गाडी भरून काढणार? गाऱ्हाणं घाला हो, मी नको म्हणत नाही. पण एकाने घालावं आणि दुसऱ्याने पेशंटला घेऊन निघावं.

मालवणी मसालो

सगळा खरा, पण पावसात चिखलात मोटारसायकल घालूक कोण? आमच्या वाडीत म्हाताऱ्यांका अजून पिलास्टिकच्या खुर्चीत बसवन चार जण उचलून आणतत. आता ते चार जण पण खंय गावतत? सगळे मुंबैक. उरलेले आमी साठीच्या फुडले!

हिशेबनीस

@मालवणी मसालो, दहा गुण. मी हेच लिहायला आलो होतो.

मोटरसायकल घ्याल. उद्घाटन होईल, नारळ फुटेल, फोटो येतील. मग चालवणार कोण? गावात पंचविशीची पोरं गणपतीत आणि शिमग्यात दिसतात. बाकी वर्षभर गाडी कोणाच्या पडवीत उभी, बॅटरी उतरलेली, पिशवीतली औषधं तारीख उलटलेली. पेट्रोल कोणी भरायचं यावरून मंडळात दोन तट. मी हे बोअरवेलच्या पंपाचं बघितलंय, व्यायामशाळेचं बघितलंय. अपघात झाला तर विमा कोणाच्या नावावर, हा आणखी वेगळाच प्रश्न.

मंडळाची वस्तू म्हणजे कोणाचीच नव्हे. आधी माणसं मोजा, मग गाडी.

दादरचा चाकरमानी

लष्करी पद्धतीची एक मोटरसायकल आहे ना, रक्षिता नावाची? डीआरडीओने बनवलेली. पेशंटला मागे आरामात रेलून बसवता येतं असं वाचलं. तसली मिळाली तर टाकीवर नावही मावेल.

गोळ्याइंजेक्शन

रक्षिता जानेवारी २०२१ मध्ये सीआरपीएफला दिली. रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५० वर बेतलेली आहे, जंगलातून जखमी जवान बाहेर काढायला. तिला मागचं खास आसन, पेशंटला बांधायचे पट्टे, सगळं आहे. पण जांभ्याच्या पायऱ्यांवर ते धूड कोण चढवणार? पाखाडीला हलकी, कमी उंचीची, गावातल्या मेकॅनिकला कळणारी गाडी बरी. खरं तर पाखाडीच्या पायऱ्यांवर कुठलीच नको.

तीनचाकी

नमस्कार, प्रथमच लिहितोय. लांजा तालुक्यात रिक्षा चालवतो. तुम्ही सगळे मोटरसायकलवर बोलताय म्हणून राहवलं नाही.

गावात रात्री पेशंट असला की पहिला फोन १०८ ला जात नाही, रिक्षावाल्याला जातो. माझा नंबर किती घरांच्या भिंतीवर खडूने लिहिलाय विचारा. रिक्षा पाणंदीतून जाते, बागेच्या गडग्यालगत वळते. मागच्या सीटवर पेशंट पाय दुमडून निजतो, एक जण डोकं मांडीवर घेऊन बसतो. साप चावलेला असू दे, छातीत कळ असू दे, पाऊस असला तरी पेशंट भिजत नाही. मोटरसायकलवर तिघं बसून जुलैच्या पावसात घाटी उतरून दाखवा मला.

अडचण वेगळीच आहे. एका दवाखान्यात (नाव लिहीत नाही) अपघाताचा पेशंट नेला, तर मलाच बसवून ठेवलं. तुम्ही आणलात, तुमचं नाव लिहा, पोलीस येईपर्यंत थांबा. धंद्याची वेळ गेली ते सोडा, पण पुढच्या वेळी दुसरा रिक्षावाला थांबेल का?

सड्यावरचा

@तीनचाकी, तुमचा प्रतिसाद बैठकीत वाचून दाखवणार, परवानगी आहे ना?

थांबवून ठेवण्याबद्दल: कायदा तुमच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्येच मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. मग २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४-ए आलं. अपघातग्रस्ताला सद्भावनेने नेणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि नाव सांगायची सक्ती करता येत नाही. ह्या कलमाचा कागद प्रत्येक रिक्षाच्या काचेला चिकटवावा म्हणतो. खर्च एका झेरॉक्सचा.

@हिशेबनीस, तुमचं म्हणणं पटलं आणि पटलंही नाही. माणसं कमी आहेत म्हणूनच चार जणांनी खुर्ची उचलण्यापेक्षा एकाने चालवता येईल असं काही हवं ना? सिस्टरबाईंनी मलावी म्हटलं म्हणून २००८ चा तो अभ्यास शोधून वाचला. बाजूखाटवाली मोटरसायकल विकत घ्यायला चारचाकी रुग्णवाहिकेपेक्षा १९ पटींनी स्वस्त पडली आणि बाळंतिणीला पोचवण्यातला उशीर जागेनुसार दोन ते साडेचार तासांनी कमी झाला. पण तिथे त्या मोटरसायकली आरोग्य केंद्रात ठेवल्या होत्या, एखाद्या मंडळाच्या पडवीत नव्हे. हा फरक तुमच्याच बाजूचा आहे, मान्य.

पेडण्याचो

गोव्यातून. सिंधुदुर्गातले कितीतरी पेशंट आमच्या बांबोळीच्या गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) येतात, त्यामुळे हा विषय परका नाही.

गोव्यात १०८ च्या मोटरसायकली आहेत. माझं निरीक्षण एवढंच, की त्या चालतात त्या नियंत्रण कक्षामुळे. फोन एकच, त्यावर जवळचं वाहन सुटतं, मोठी गाडी मागून येते. गावाने आपली आपण मोटरसायकल घेतली आणि १०८ वाल्यांना तिचा पत्ताच नसला, तर दोघे दोन दिशांनी धावतील. तुमच्याकडे १०८ सेवा २०१४ पासून आहे, ९३७ गाड्यांनिशी सुरू झालेली आणि गाडीत डॉक्टर असणारी. तिला टाळून काही करू नका. फोन १०८ लाच लावायचा. गावाने फक्त घर ते देवळापर्यंतची जबाबदारी घ्यायची आणि गाडी येईस्तोवर पेशंट तिथे तयार ठेवायचा.

गोळ्याइंजेक्शन

पेडण्याचो यांनी मुद्द्याला हात घातला. त्यात माझी भर.

पेशंटला जलद नेणं जितकं महत्त्वाचं तितकंच योग्य जागी नेणं. साप चावलेल्याला अर्ध्या तासात अशा ठिकाणी नेलं की जिथे प्रतिविष (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) नाही, तर वाचवलेला वेळ पुढच्या ठिकाणी जाण्यात खर्च होतो. निघतानाच एकाने आरोग्य केंद्राला फोन करून विचारायचं: प्रतिविष आहे का, डॉक्टर हजर आहे का. नसेल तर सरळ ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय. हा फोन गाडी चालवणाऱ्याने नाही करायचा, घरी राहिलेल्याने करायचा.

आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं, चौघांवर एकच प्रतिविष चालतं, त्यामुळे साप मारून, पिशवीत घालून आणायची गरज नाही. कृपा करून आणू नका, ओपीडीत पळापळ होते. फुरसं आणि घोणस रक्त गोठू देत नाहीत. ते तपासायला आम्ही काचेच्या कोरड्या नळीत रक्त घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतो. इतकी साधी तपासणी. दोरी आवळून बांधू नका, कापू नका, चोखू नका. चावलेला हात किंवा पाय फळीला बांधून स्थिर ठेवा आणि पेशंटला चालवू नका. मोटरसायकलचा खरा फायदा हाच की तो चालत नाही.

विंचवाचं सांगायलाच हवं, कारण ते आपल्या कोकणातलं आहे. महाडला डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं गोळीचं औषध वापरून दाखवलं. त्याआधी गंभीर दंशाचे पेशंट मोठ्या संख्येने दगावत. त्या गोळीने चित्र पालटलं आणि जगभर तिची दखल घेतली गेली. तात्पर्य काढत नाही, पण पेशंट गोळीपर्यंत किंवा गोळी पेशंटपर्यंत, यातलं जे लवकर होईल ते करायचं. गोळी मात्र डॉक्टरनेच द्यायची, स्वयंसेवकाने नाही.

मालवणी मसालो

पिशवीत साप घेवन इल्लो पेशंट मी बगलंय. साप जित्तो होतो.

गोळ्याइंजेक्शन

@मालवणी मसालो, मीही. म्हणूनच लिहिलं.

सिस्टरबाई

सड्यावरचा, एक विचारते. तुमच्या खालच्या वाडीत मोबाइलला रेंज आहे का? आमच्या उपकेंद्राच्या हद्दीत एक वाडी अशी होती की फोन करायला वर सड्यावर यावं लागे. तिथे पहिला विलंब डोंगर चढण्याचाच.

सड्यावरचा

खाली रेंज नाही. साकवापाशी एका कंपनीची येते, तीही वारा असेल तशी. चांगलं विचारलंत. देवळात सार्वजनिक फोन होता तो कधीच गेला.

इथवरचं वाचून मी मंडळापुढे काय मांडणार ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. व्हॅन नको. मंडळाची स्वतंत्र मोटरसायकलही नको. हिशेबनीस जिंकले. खालच्या वाड्यांसाठी घडीचं स्ट्रेचर आणि पट्टे असलेली उचलखुर्ची, साकवापाशी एक आणि देवळात एक. पाखाडीच्या कडेने हातभर रुंदीचा पायऱ्यांविना उतार बांधायचा. तो झाला तर गावातल्या ज्यांच्या मोटरसायकली आहेत त्या साकवापर्यंत तरी येतील आणि चाकांची खुर्ची ढकलता येईल. रिक्षावाल्यांना मंडळाकडून रात्रीच्या फेरीचे ठरलेले पैसे, तेही पेशंटच्या घरी हात न पसरता लगेच. गणपतीत सगळे गावी असतात तेव्हा छाती दाबायचं शिक्षण, आरतीनंतर. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना बोलावतो.

हिशेबनीस

उतार बांधताना दोन जणांच्या जमिनीतून जाणार ना? सातबारा बघा आधी. कोकण आहे.

सड्यावरचा

तिघांच्या. एक जण आमचाच चुलता आहे, तो सगळ्यात अवघड.

दादरचा चाकरमानी

चुलत्याला म्हणा, उताराला त्याच्या वडिलांचं नाव देऊ. टाकीपेक्षा जागा जास्त आहे.

तीनचाकी

वाचून दाखवा, हरकत नाही. पण रात्रीच्या फेरीचा दर बैठकीतच ठरवा आणि वहीत लिहा. नंतर कोणाला आठवत नाही. उचलखुर्ची घ्याल ती मागच्या सीटवर चढते का ते आधी माझ्या रिक्षात बसवून बघा. रुंदी मोजून कळवतो.

खाडीपल्याड

स्ट्रेचर ॲल्युमिनियमचं घ्या, लोखंडी नको. खाऱ्या हवेत दोन पावसाळ्यांत बिजागरी धरतात. आमच्या जेट्टीवरचं तसंच पडून आहे.